पॉलिसीतलं व्याख्यांचं पान

आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आली की आपण आधी विम्याची रक्कम बघतो, मग प्रीमियम, मग कॅशलेस रुग्णालयांची यादी. व्याख्यांची पानं तशीच राहतात. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की त्यात याच पानांतलं एखादं वाक्य असतं: ‘हे पॉलिसीच्या व्याख्येत बसत नाही.’ रुग्णालय, दाखल होणं, अपघात, आधीचा आजार हे शब्द आपण रोज वापरतो, म्हणून त्यांचा अर्थ माहीत आहे असं वाटतं. पॉलिसीत त्यांचा अर्थ वेगळा आणि बराच अरुंद आहे. क्लेम मंजूर होतो तो त्या अरुंद अर्थाने.

या व्याख्या प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने लिहिलेल्या नाहीत. विमा कायदा १९३८ मध्ये ‘आरोग्य विमा व्यवसाय’ म्हणजे काय एवढंच सांगितलं आहे. पॉलिसीतल्या शब्दांचं प्रमाणीकरण भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१३ मध्ये केलं आणि २०१६ मध्ये त्यात सुधारणा केल्या. २०१९ मध्ये न मिळणाऱ्या खर्चांची, म्हणजे एक्सक्लूजनची भाषाही ठरवून दिली आणि त्यांना कोड क्रमांक दिले. २०२४ मध्ये नवे विनियम आले आणि काही मुदती कमी झाल्या. त्यामुळे दोन कंपन्यांच्या पॉलिसी शेजारी ठेवल्या तर व्याख्या जवळजवळ शब्दशः सारख्या दिसतात. एकदा नीट समजून घेतल्या की त्या कुठल्याही पॉलिसीला उपयोगी पडतात.

पहिला शब्द ‘रुग्णालय’. दोनपैकी एका मार्गाने संस्था या व्याख्येत येते. एक म्हणजे नोंदणी: क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० खाली, किंवा त्या कायद्याच्या परिशिष्टात नाव असलेल्या राज्याच्या कायद्याखाली. आपल्याकडचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा त्या परिशिष्टात आहे. दुसरा मार्ग किमान निकषांचा: चोवीस तास पात्र परिचारिका, चोवीस तास पात्र डॉक्टर, स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजच्या रोज ठेवलेल्या रुग्णनोंदी, आणि दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, बाकी ठिकाणी किमान १५. या दोन मार्गांच्या मध्ये ‘किंवा’ आहे. आठ खाटांच्या नर्सिंग होमचा क्लेम खाटा कमी म्हणून नाकारला असेल तर आधी त्या नर्सिंग होमचं नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि त्याची मुदत उपचाराच्या तारखेला चालू होती का ते बघा. नोंदणी असेल तर खाटा मोजायचं कारणच उरत नाही.

‘दाखल होणं’ म्हणजे सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून राहणं. ‘सलग’ आणि ‘आंतररुग्ण’ या दोन्ही शब्दांना वजन आहे. तातडीच्या विभागात निरीक्षणाखाली गेलेले चार-पाच तास आंतररुग्ण म्हणून नोंदले गेले नसतील तर क्लेम तपासणारा माणूस ते धरत नाही. डिस्चार्ज कार्डावर दाखल केल्याची आणि घरी सोडल्याची वेळ तास-मिनिटांसह असते. ती चुकीची पडली असेल तर रुग्णालय सोडायच्या आधीच दुरुस्त करून घ्या. नंतर केलेल्या दुरुस्तीकडे संशयानेच पाहिलं जातं.

२४ तासांना मोठा अपवाद डे-केअरचा. त्याच्या व्याख्येला तीन पाय आहेत: उपचार जनरल किंवा लोकल भूल देऊन केलेला असावा, तंत्रज्ञान सुधारल्यामुळे तो २४ तासांच्या आत होत असावा, आणि एरवी त्याला २४ तासांपेक्षा जास्त काळ दाखल व्हावं लागलं असतं असा असावा. शेवटी एक वाक्य आहे, की जो उपचार सामान्यतः ओपीडीत होतो तो यात येत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया इथे आरामात बसते. टाके घालणं, ड्रेसिंग, सांध्यात दिलेलं साधं इंजेक्शन बसत नाही, मग रुग्णालयाने बिलावर ‘डे-केअर’ असा शिक्का मारला तरी. केमोथेरपी आणि डायलिसिसला भूल लागत नाही, तरी पॉलिसी त्यांची नावं बहुधा वेगळ्या यादीत घेते. म्हणून व्याख्येबरोबर ती यादीही बघावी.

आता जिथे सर्वात जास्त भांडण होतं त्या जागेकडे. माणूस छातीत दुखतंय म्हणून रात्री दाखल होतो, ईसीजी, रक्ततपासण्या, इको, कधी अँजिओग्राफीही होते, सगळं ठीक निघतं आणि दोन दिवसांनी घरी सोडतात. कंपनीचं पत्र येतं: दाखल होणं केवळ तपासणीसाठी होतं, एक्सक्लूजन कोड ०४. या कलमाचं मूळ वाक्य असं, की ‘मुख्यत्वे फक्त निदान आणि मूल्यमापनासाठी’ दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही. ‘मुख्यत्वे’ आणि ‘फक्त’ हे शब्द कंपनीवर घातलेल्या मर्यादा आहेत. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून दाखल होणं मागाहून अनावश्यक ठरत नाही. दाखल करताना डॉक्टरांसमोर कोणती लक्षणं होती आणि त्या क्षणी घरी पाठवणं सुरक्षित होतं का, यावर ते ठरायला हवं.

याची उलट बाजू ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ या व्याख्येत आहे. तिच्या चार अटी: आजाराच्या व्यवस्थापनासाठी उपचाराची गरज असावी, सुरक्षित, पुरेशा आणि योग्य उपचारासाठी लागेल त्याहून व्याप्ती, कालावधी किंवा तीव्रता जास्त नसावी, डॉक्टरांनी तो लिहून दिलेला असावा, आणि तो आंतरराष्ट्रीय वैद्यकीय व्यवहारात किंवा भारतातल्या वैद्यकीय समुदायात मान्य पद्धतीला धरून असावा. नकाराच्या पत्रांत ‘ॲक्टिव्ह लाइन ऑफ ट्रीटमेंट नव्हती’, म्हणजे सक्रिय उपचार चालू नव्हते, असं एक वाक्य हमखास दिसतं. हा शब्दप्रयोग या चार अटींत नाही. कंपनीने तो वापरला तर वरच्या चारपैकी कोणती अट मोडली असं लेखी विचारावं.

इथे खरी मदत डॉक्टरच करू शकतात. ‘निरीक्षणासाठी दाखल’ एवढंच लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड क्लेम बुडवायला पुरेसं असतं. तेच कार्ड ‘छातीत दुखणं, घाम, रक्तदाब इतका, हृदयविकाराचा झटका नाकारता न आल्यामुळे सतत मॉनिटरिंग आणि शिरेतून औषधं देणं आवश्यक, ओपीडीत उपचार शक्य नव्हता’ असं असेल तर गोष्ट निराळी. यात खोटं काही लिहायचं नाही. डॉक्टरांच्या डोक्यात जे कारण होतं ते कागदावर उतरवायचं, एवढंच. तापाच्या रुग्णाचंही तसंच: ताप किती होता, उलट्यांमुळे तोंडावाटे औषध टिकत होतं का, प्लेटलेट किती घसरल्या, कोणती औषधं सलाइनमधून दिली, हे केस पेपरवर असेल तर क्लेम तग धरतो.

‘आधीपासूनचा आजार’ ही व्याख्या सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेली. सध्याची व्याख्या अशी: पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी त्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी सल्ला किंवा उपचार सुचवला अथवा दिला, तो आजार, दुखापत किंवा अवस्था. पूर्वी ही मुदत ४८ महिन्यांची होती. २०१६ च्या व्याख्येत ‘लक्षणं किंवा चिन्हं होती’ असाही एक भाग होता. तो आता नाही. म्हणजे शरीरात आजार कधीपासून दडला होता हा प्रश्न व्याख्या विचारत नाही. निदान कधी झालं आणि उपचार कधी घेतला, एवढंच ती विचारते. ‘इतकी वाढलेली गाठ पाहता आजार जुना असला पाहिजे’ असा तर्क कंपनीने मांडला तर तो वैद्यकदृष्ट्या खरा असूनही व्याख्येत बसत नाही.

दोन उदाहरणं घेऊ. मधुमेहाचं निदान दहा वर्षांपूर्वी झालं आणि गोळ्या चालूच आहेत. निदान ३६ महिन्यांच्या बाहेर आहे, पण उपचार आत आहे, म्हणून हा आधीपासूनचा आजार. दुसरं, पाच वर्षांपूर्वी मूतखडा झाला, काढला, त्यानंतर त्यासाठी डॉक्टरकडे जावं लागलं नाही. व्याख्येनुसार हा आधीपासूनचा आजार नाही.

मग मूतखडा प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसी घेताना भरायच्या अर्जावर, लिहायचा नाही का? लिहायचाच, फॉर्ममध्ये विचारलं असेल तर. इथे दोन वेगळ्या कल्पना एकमेकींत मिसळल्या जातात. ‘आधीपासूनचा आजार’ ठरवतो प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा खर्च किती काळ मिळणार नाही ते. ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’, म्हणजे पॉलिसी द्यायची की नाही हे ठरवताना कंपनीला लागणारी माहिती, ठरवते पॉलिसीचं अस्तित्व. माहिती उघड करण्याच्या नियमाची व्याख्या सांगते, की महत्त्वाची वस्तुस्थिती लपवली, चुकीची सांगितली किंवा तिचं वर्णन चुकवलं, तर पॉलिसी रद्दबातल आणि भरलेला प्रीमियम जप्त. फॉर्मवर ‘आजवर कधी शस्त्रक्रिया झाली आहे का’ असा प्रश्न असेल तर तिथे ३६ महिन्यांची मर्यादा नाही. सांगितलेल्या आजारामुळे फार तर प्रतीक्षा काळ लागतो, जास्त प्रीमियम लागतो किंवा कंपनी पॉलिसीच नाकारते. न सांगितलेल्यामुळे वर्षानुवर्षं प्रीमियम भरून नेमकी गरजेच्या वेळी पॉलिसी हातातून जाते. फॉर्म एजंटने भरला हे कारण सहसा चालत नाही, कारण खाली सही तुमची असते. भरलेल्या फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत येते. पॉलिसी मिळाल्यापासून फ्री लुकचे, म्हणजे नको असल्यास ती परत करण्याचे, ३० दिवस असतात. त्यात प्रत्येक उत्तर वाचा आणि चूक असेल तर कंपनीला ईमेलने कळवा.

माहिती दिल्यानंतरची बाजूही लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ च्या निकालात सांगितलं, की विमाधारकाने आपली अवस्था उघड केली आणि कंपनीने ती पारखून पॉलिसी दिली, तर नंतर त्याच अवस्थेचं कारण पुढे करून क्लेम नाकारता येत नाही. प्रकरण परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमचं होतं, तत्त्व मात्र व्यापक आहे. फॉर्मवर ‘मधुमेह: हो’ लिहिलेलं एक अक्षर किती मोलाचं असतं ते इथे कळतं.

आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने. त्या कलमात ‘आजार आणि त्याच्या थेट गुंतागुंती’ असे शब्द आहेत. ‘थेट’ शब्द सोडू नका. मधुमेहामुळे पायाला झालेली जखम ही थेट गुंतागुंत म्हणता येईल. मधुमेही माणसाला झालेला डेंग्यू म्हणता येणार नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा नाव घेतलेल्या आजारांचा प्रतीक्षा काळ वेगळ्या कोडखाली असतो, आणि एखादा आजार दोन्हीकडे बसला तर दोन्हींतला जास्त काळ लागू होतो. विम्याची रक्कम वाढवली तर वाढीव रकमेपुरता काळ नव्याने मोजतात. पाच लाखांची पॉलिसी दहाची केली, तर पहिल्या वर्षी जुन्या आजारासाठी हाताशी जुनेच पाच.

सगळ्यात मोठा धोका एक ओळीचा असतो. दाखल करताना कनिष्ठ डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, ‘बीपी कधीपासून?’ घाबरलेला मुलगा म्हणतो, ‘असेल पाच-सहा वर्षं.’ केस पेपरवर पडतं: उच्च रक्तदाबाचा ज्ञात रुग्ण, सहा वर्षं. पॉलिसी चार वर्षांची असेल तर प्रतीक्षा काळ संपलेला असूनही माहिती लपवल्याचा आरोप उभा राहतो. नेमकं माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही, जुनी प्रिस्क्रिप्शन बघून सांगतो’ असं म्हणावं. चुकीची नोंद झालीच असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून, पहिल्या निदानाचा कागद जोडून, दुरुस्तीचं पत्र घ्या. त्या कागदाशिवाय दिलेलं पत्र फारसं टिकत नाही.

या आरोपाला काळाची मर्यादा आहे, तिचं नाव मोरॅटोरियम. सलग ६० महिने विमा चालू असेल, पोर्ट केलेला, म्हणजे आधीच्या कंपनीकडून पुढे आणलेला काळ धरून, तर कंपनी माहिती लपवल्याचं किंवा चुकीची दिल्याचं कारण सांगून पॉलिसीवर वा क्लेमवर हरकत घेऊ शकत नाही. अपवाद एकच, सिद्ध झालेली फसवणूक. २०२४ पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता. रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागासाठी ६० महिने वाढवल्याच्या तारखेपासून. विमा कायद्याच्या कलम ४५ मधली तीन वर्षांची मुदत अनेक जण इथे सांगतात, पण ते कलम आयुर्विम्याचं आहे. ‘सलग’ राहण्यासाठी नूतनीकरण वेळेवर हवं. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांची सवलत मुदत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. हप्त्याने प्रीमियम भरणाऱ्याला सवलत मुदतीतही संरक्षण असतं. वर्षाचा प्रीमियम एकरकमी भरणाऱ्याने मात्र त्या दिवसांतल्या आजाराचा खर्च मिळेल असं धरून चालू नये.

‘अपघात’ म्हणजे अचानक, अनपेक्षित, आपल्या इच्छेशिवाय घडलेली, बाह्य, दृश्य आणि हिंसक साधनांनी झालेली घटना. हा शब्द महत्त्वाचा, कारण पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाताचेच क्लेम मिळतात. जिन्यावरून पडून मोडलेला हात यात बसतो. वजन उचलताना आलेली कमरेतली उसण म्हटली की ‘बाह्य’ काय होतं यावर वाद सुरू. इजा कशी झाली हे पहिल्याच केस पेपरवर स्पष्ट असू द्या.

खोलीचं भाडं हा शब्द खिशाला सर्वात जास्त चटका देतो. समजा विमा पाच लाखांचा, खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. घेतली ८,००० ची खोली, चार दिवस. बिलात खोलीचे ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर मिळून १,२०,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ६८,०००. एकूण २,२०,०००. रोजचे तीन हजार जास्त, म्हणजे चार दिवसांचे १२,००० आपल्या खिशातून, असा आपला हिशेब असतो. प्रत्यक्षात ‘संलग्न वैद्यकीय खर्च’ही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांशावर, येतो. खोलीचे मिळतात २०,०००, सर्जन वगैरेंचे ७५,०००.

इथेच व्याख्या विमाधारकाच्या बाजूने उभी राहते. २०२० मध्ये आयआरडीएआयने स्पष्ट केलं, की संलग्न खर्चात औषधं व उपभोग्य वस्तू, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणं, आणि तपासण्या धरायच्या नाहीत. म्हणून ६८,००० पूर्ण मिळायला हवेत आणि एकूण क्लेम १,६३,००० चा होतो. सरसकट सगळ्या बिलावर कपात लावली तर हातात १,३७,५०० येतात. फरक २५,५०० रुपयांचा. आयसीयूच्या खर्चावर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आणि खोलीनुसार दर बदलत नसलेल्या रुग्णालयातही लावता येत नाही. मंजुरीच्या पत्रासोबत कपातीचा तक्ता येतो. कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि प्रत्येक ओळ तपासा.

‘वाजवी आणि रूढ दर’ या नावाने होणाऱ्या कपातीला दोन कसोट्या आहेत: तो दर त्या रुग्णालयाचा नेहमीचा दर आहे का, आणि त्या परिसरात तशाच सेवेसाठी चालणाऱ्या दराशी जुळतो का. कंपनीने कापलं असेल तर परिसरातल्या कोणत्या रुग्णालयांच्या दराशी तुलना केली हे मागता येतं. घरी घेतलेल्या उपचाराची व्याख्याही बारीक आहे. रुग्णाला हलवणं शक्य नव्हतं किंवा रुग्णालयात जागा नव्हती, या दोनपैकी एक कारण हवं. सोय म्हणून घरी राहिलेलं चालत नाही.

नकार आलाच, तर क्रम असा ठेवा. पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम लिहिलेलं आहे का ते आधी बघा. २०२४ च्या नियमांनुसार नकाराला कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीच्या विशिष्ट अटींचा हवाला द्यावा लागतो. ते नसेल तर तेच पहिलं मागा. मग रुग्णालयाकडून इनडोअर केस पेपरची पूर्ण प्रत घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार लेखी मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. परिचारिकांचा तक्ता आणि औषधांची नोंदवही सोडू नका. डिस्चार्ज कार्डात न आलेलं बरंच काही तिथे तासागणिक लिहिलेलं असतं.

उत्तर लिहिताना वयाचा, कष्टाच्या पैशांचा, इतकी वर्षं प्रीमियम भरल्याचा उल्लेख एका ओळीत आटपा. बाकी पत्र व्याख्येच्या शब्दांत लिहा. डाव्या बाजूला व्याख्येतली एकेक अट, उजवीकडे ती पूर्ण करणारा कागद आणि पान क्रमांक. कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर ते सांगा. संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावायचा हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६६ पासून मान्य केलेलं आहे. शब्द स्पष्ट असेल तर मात्र न्यायालय करार नव्याने लिहून देत नाही, म्हणून संदिग्धता नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा.

हे पत्र आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जातं, आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही नोंदवता येतं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, नकारानंतर एका वर्षाच्या आत. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत तो पाळला नाही तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये विमाधारकाला द्यावे लागतात. हेच प्रकरण आधीच ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात दाखल केलेलं असेल तर लोकपाल ते घेत नाही, तेव्हा दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका.